‘पापा’ कोणाचे? पोप या पदवीच्या अनेक वारसदारांविषयी

नवे पोप निवडले गेले की एक जुना वाद पुन्हा जागा होतो. मे २०२५ मध्ये चौदावे लिओ निवडून आले तेव्हाही तो झाला. ‘पोप’ या शब्दाचा ‘खरा’ अर्थ सांगणाऱ्या पोस्ट बरेच दिवस फिरत राहिल्या. एकीचे म्हणणे असे की हा शब्द संस्कृत ‘पापहा’वरून आला, पापाचा नाश करणारा तो पोप. दुसरी सांगत होती की लॅटिनमधील ‘पापा’ हा शब्दच नव्हे, ती चार शब्दांची आद्याक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ ‘प्रेषित पेत्राची सत्ता स्वीकारणारा’. तिसरीचे म्हणणे साधे होते: पापा म्हणजे पिता, अर्थात साऱ्या ख्रिस्ती जगाचा पिता, पदवीतच अधिकार सिद्ध आहे.

पहिल्या दोन गोष्टी सरळ चूक आहेत. तिसरी अर्धी बरोबर आहे, आणि माझ्या मते म्हणूनच सर्वांत फसवी आहे. हा धागा मुख्यतः तिच्यासाठी.

आधी ‘पापहा’ची वासलात लावू. शब्द व्याकरणशुद्ध आहे, ऐकायला गोड आहे, पण तो रोमला कोणाबरोबर, कोणत्या वाटेने आणि कोणत्या शतकात पोचला याचे उत्तर कोणी देत नाही. पु. ना. ओकांच्या पुस्तकांतून पसरलेली ‘व्हॅटिकन म्हणजे वाटिका’ ही कल्पना याच जातीची. ती टेकडी ख्रिस्ताच्या आधीपासून रोमन लोकांना त्याच नावाने माहीत होती. त्या नावाची पोपशी सांगड फार नंतर पडली. दोन शब्द सारखे ऐकू येतात हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे वाटेवरचे मुक्काम दाखवता येणे, आणि ‘पापा’चे मुक्काम दाखवता येतात.

पहिला मुक्काम होमरच्या ‘ओडिसी’त आहे. सहाव्या सर्गात राजकन्या नाउसिका वडिलांकडे गाडी मागते, नदीवर कपडे धुवायला न्यायचे आहेत म्हणून. आणि त्यांना ‘पाप्पा’ अशी हाक मारते. तिथे पाप नाही, पापक्षालन नाही, प्रेषित पेत्र तर आणखी सात-आठ शतके जन्मायचा आहे. लाडाने काहीतरी मागणारी मुलगी आहे आणि बापाला मारलेली हाक आहे. रोमान याकोबसन यांनी १९६० च्या एका निबंधात दाखवले की ‘मामा’, ‘पापा’ यांसारखे शब्द असंख्य असंबद्ध भाषांत का आढळतात: ओठ मिटून निघणारे व्यंजन आणि तोंड उघडून निघणारा ‘आ’ हे बाळाला सर्वांत आधी साधणारे उच्चार आहेत. म्हणूनच या शब्दांच्या साम्यावरून भाषांचे नाते ठरवणे धोक्याचे असते.

मराठी माणसाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. बाबा, आबा, अप्पा ही आपल्या घरातली नावे आहेत, आणि ‘बाबा’ गाडगेबाबांच्या नावाशी किती सहज जडले! ज्ञानेश्वरांना तर आपण थेट ‘माउली’ केले. घरातली हाक देवळापर्यंत जाणे ही मोठी नैसर्गिक गोष्ट आहे. आरामाईक भाषेतील ‘अब्बा’चेही तेच झाले. ग्रीक-लॅटिनमधून तो मठाधिपतीची पदवी बनून फ्रेंचमध्ये ‘आबे’, जर्मनमध्ये ‘आब्ट’, इंग्रजीत ‘ॲबट’ झाला.

तेव्हा पापा म्हणजे पिता, हे खरे. प्रश्न पुढचा आहे: कोणाचा पिता?

इसवी सन २०३ मध्ये कार्थेज येथे, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, पर्पेतुआ नावाची तरुणी आणि तिचे सोबती श्वापदांपुढे टाकले गेले. त्यांच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात सातुरुस या सोबत्याचे एक स्वप्न नोंदलेले आहे. स्वप्नात तिथला बिशप ओप्तातुस या हुतात्म्यांच्या पायाशी येतो, आणि ते संकोचून त्याला विचारतात की आपण तर आमचे पापा, आपण आमच्या पाया कसे पडता? लॅटिन लेखनात बिशपला ‘पापा’ म्हटल्याचा हा फार जुना दाखला, आणि तो रोमचा नाही, आफ्रिकेचा आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाचे बिशप दियोनिसिओस आपल्या पूर्वसूरीचा, हेराक्लासचा, उल्लेख ‘पापा’ असा करतात. युसेबियसने आपल्या चर्चच्या इतिहासात ते पत्र जपून ठेवले आहे.

यांहून बोलका दाखला कार्थेजच्याच सिप्रियानचा. सन २५० च्या छळात रोमचे बिशप फाबियान मारले गेले आणि रोमची गादी वर्षभराहून अधिक काळ रिकामी राहिली. त्या काळात रोमच्या धर्मगुरूंनी सिप्रियानला जी पत्रे लिहिली, त्यांत ते त्याला ‘पापा सिप्रियान’ असे संबोधतात. पत्र रोमहून निघाले आहे आणि त्यातला पापा कार्थेजला बसला आहे! ‘पेत्राची सत्ता’वाल्या आद्याक्षरांचा निकाल इथेच लागतो. जो शब्द रोमचेच धर्मगुरू दुसऱ्या गावच्या बिशपला लावत होते, तो रोमच्या गादीचे संक्षिप्त रूप असणार कसा?

रोमच्या बिशपसाठी हा शब्द दगडावर दिसतो तो सन ३०० च्या आसपास. कालिस्तुसच्या भुयारी दफनभूमीत सेवेरुस नावाच्या डीकनने एक दालन करवून घेतले. ‘आपले पापा मार्केलिनुस’ यांच्या परवानगीने ते केले, अशी नोंद त्याने कोरून ठेवली. (मराठीत या शब्दाला विभक्तीचे प्रत्यय लावून आदर दाखवायला गेले की ‘पापांच्या’ असे काहीतरी होते, म्हणून मी तो शक्य तिथे प्रथमेतच ठेवतो आहे.) त्या ओळीतला ‘आपले’ हा शब्द नजरेआड करू नका. पर्पेतुआच्या सोबत्यांनीही ‘आमचे पापा’ म्हटले होते. पाचव्या शतकात गॉलमध्ये सिदोनियस आपोलिनारिस आजूबाजूच्या अनेक बिशपांना पत्रे लिहितो तेव्हा प्रत्येकाला ‘पापा’ म्हणतो आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही.

म्हणजे सुरुवातीची किमान दोन शतके ‘पापा’ हे नाते सांगणारे संबोधन होते. प्रत्येक गावच्या मंडळीचा एक बिशप, आणि तो त्यांचा पापा. माझा आक्षेप इथे आहे. नात्याच्या शब्दावरून हुद्दा सिद्ध करता येत नाही. एखाद्या घरातली मुले वडिलांना ‘बाबा’ म्हणतात, म्हणून ते साऱ्या आळीचे बाबा ठरत नाहीत. रोमच्या बिशपांचा अग्रमान हा स्वतंत्र विषय आहे, त्याला स्वतंत्र आधार आहेत, आणि श्रद्धावंतांसाठी ते आधार भक्कम असतील. पण त्या आधारांत या शब्दाची व्युत्पत्ती बसत नाही.

आणि हे स्वतः एका मोठ्या पोपना पुरते ठाऊक होते. पहिले ग्रेगरी (५९० ते ६०४) यांच्या काळात कॉन्स्टँटिनोपलचे कुलपती योहान हे ‘वैश्विक कुलपती’ अशी पदवी लावत, आणि ग्रेगरींना ती अहंकाराची वाटे. त्यांनी त्याविरुद्ध पत्रांवर पत्रे लिहिली. पुढे अलेक्झांड्रियाच्या युलोगियस यांनी ग्रेगरींनाच ‘वैश्विक पापा’ म्हटले, तेव्हा ग्रेगरींनी ते नाकारले. मला वैश्विक म्हणताना आपण जे आहात ते आपणच नाकारता, असा त्यांच्या उत्तराचा आशय. स्वतःसाठी त्यांनी रूढ केलेले बिरुद ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ हे होते. ग्रेगरी भोळे नव्हते. रोमचा मान त्यांनी कुठेही सोडला नाही. पण ‘पापा’ या शब्दात जगाची मालकी आहे, असे म्हणायला ते तयार नव्हते, हे मात्र कागदावर आहे.

मग चित्र पालटले कधी? हळूहळू. पश्चिमेत सहाव्या शतकापासून हा शब्द रोमच्या बिशपकडे अधिकाधिक सरकत गेला, आणि १०७५ मध्ये सातव्या ग्रेगरींच्या दफ्तरात सत्तावीस वाक्यांची एक यादी नोंदली गेली. ‘दिक्तातुस पापे’ या नावाने ती ओळखली जाते. सम्राटांना पदच्युत करण्याचा अधिकार पोपला आहे, असेही त्यात आहे. चौथ्या हेन्रीशी झालेला संघर्ष आणि १०७७ च्या जानेवारीत कानोसाच्या गडापुढे त्या राजाने केलेली याचना यांची ही पार्श्वभूमी. त्याच यादीतले अकरावे वाक्य म्हणते की हे नाव जगात एकमेव आहे.

अभ्यासक हे वाक्य साधारणपणे ‘पापा’ या पदवीचा एकाधिकार म्हणून वाचतात. मला त्यातला ‘जगात’ हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. नाव खरोखर एकमेव असते, तर तसे लिहून ठेवण्याची गरज पडली नसती. १०७५ मध्ये अलेक्झांड्रियाच्या गादीवर ‘पापा’ होतेच. आणि बाल्कनपासून कीव्हपर्यंतच्या प्रत्येक खेड्यात, कोंबड्या पाळणारा, बायकापोरे असलेला, रविवारी प्रार्थना म्हणणारा एक साधा पुरोहित होता; त्यालाही लोक हेच म्हणत होते.

पूर्वेत हा शब्द वर चढलाच नाही, तो खाली पसरला. ग्रीक भाषेत आजही खेड्यातला धर्मगुरू ‘पापास’ आहे आणि रोमचे पोपही ‘पापास’ आहेत. फरक केवळ आघाताचा. शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर आपल्या गल्लीतले, पहिल्यावर दिला तर रोमचे. स्लाव भाषांत तो ‘पॉप’ झाला. हंगेरियनमध्ये ऱ्हस्व-दीर्घाने भागते: ‘पप’ साधा पुरोहित, ‘पापा’ पोप. रुमानियन भाषेने स्लावांकडून ‘पोपा’ घेऊन तो गावच्या धर्मगुरूला दिला आणि ‘पापा’ रोमसाठी राखून ठेवला.

या पुरोहितांना लग्नाची मुभा होती, म्हणून त्यांचे वंश वाढले आणि आडनावे झाली. ग्रीसमध्ये पापादोपुलोस, सर्बियात पोपोविच, रुमानियात पोपेस्कू, रशियात पोपोव्ह. सगळ्यांचा अर्थ एकच, ‘पुरोहिताचा मुलगा’. रेडिओच्या इतिहासात ज्यांचे नाव घेतले जाते ते अलेक्सांद्र पोपोव्ह खरोखरच एका पुरोहिताचे पुत्र होते. पोपच्या ब्रह्मचर्यावर विनोद करणाऱ्यांनी ही यादी जरूर जवळ ठेवावी.

उत्तरेकडची वाट तर आणखी रंजक आहे, आणि शब्दांच्या इतिहासात तारीख कशी शोधतात हे तिथे दिसते. गॉथ लोकांच्या भाषेतील पंचांगाचा एक तुकडा टिकून आहे; त्यात वेरेका नावाच्या हुतात्म्यापुढे ‘पापा’ हे बिरुद आहे. म्हणजे ग्रीक जगातून हा शब्द पुरोहित या अर्थाने जर्मानिक लोकांत लवकर पोचला होता. जुन्या उच्च जर्मनमध्ये तो ‘फाफो’ झाला आणि आजच्या जर्मनमध्ये तो ‘प्फाफऽ’ आहे. या बदलामागे नियम आहे: एका ठरावीक काळात जर्मनमधील ‘प’चे ‘प्फ’ किंवा ‘फ’ झाले. पण पोपसाठीचा जर्मन शब्द आहे ‘पाप्स्ट’, आणि त्यातले दोन्ही ‘प’ शाबूत आहेत. अर्थ उघड आहे. पुरोहितवाचक शब्द त्या बदलाच्या आधी घरात आला होता. पोपवाचक शब्द नंतर, वेगळ्या दाराने, लॅटिन-फ्रेंच जगातून आला. एकाच शब्दाच्या दोन भावंडांत शतकांचे अंतर आहे, आणि ते दोन अक्षरांवरून कळते. ‘पापहा’वाल्यांकडे असा एक तरी पुरावा असता तर मी हा धागा लिहिला नसता.

त्याहून पलीकडे, बाराव्या शतकातला आइसलँडचा इतिहासकार आरी थोर्गिल्सन लिहितो की नॉर्स लोक त्या बेटावर आले तेव्हा तिथे ‘पापार’ राहत होते. हे आयरिश संन्यासी. मूर्तिपूजकांच्या शेजारी राहायला नको म्हणून ते निघून गेले आणि मागे पुस्तके, घंटा व धर्मदंड सोडून गेले. आइसलँडच्या पूर्वेला ‘पापेय’ नावाचे बेट आहे, ऑर्कनी द्वीपसमूहात ‘पापा वेस्ट्रे’ आहे, शेटलंडमध्ये ‘पापा स्टूर’ आहे. त्यांतल्या एकाही ‘पापा’चा रोमच्या गादीशी संबंध नाही.

आता शब्दाच्या दुसऱ्या दैवाकडे वळू, कारण ‘मूळ अर्थ पिता’ एवढे सांगून थांबणारे हा भाग नेहमी गाळतात. हाक आदराची असली तरी आदर कायम राहील याची हमी नसते. बाराव्या शतकात जर्मनमध्ये रोलांडची गाथा रचणारा कवी ‘प्फाफऽ कोनराड’ म्हणून ओळखला जातो, आणि त्यात मानहानी नाही. धर्मसुधारणेनंतर मात्र तोच शब्द शिवी झाला. आज जर्मनीत कोणत्याही धर्मगुरूला तो तोंडावर म्हणून पाहू नये. रशियात ‘पॉप’ हळूहळू चेष्टेचा विषय झाला. पुश्किनने १८३० मध्ये एक कंजूष पॉप आणि त्याचा गडी बाल्दा यांची पद्यकथा लिहिली. ती कवीच्या मृत्यूनंतर, १८४० मध्ये, छापली गेली तेव्हा झुकोव्स्कीने पॉपला हटवून तिथे एक व्यापारी बसवला, कारण सेन्सॉरने पुरोहिताची थट्टा सोडली नसती. तो पॉप आपल्या जागी परतायला आणखी चार दशके गेली. उलट फिनलंडमध्ये ‘पाप्पी’ हा लूथरपंथी धर्मगुरूसाठी आजही साधा, रोजचा शब्द आहे. एकच कुळ, एके ठिकाणी शिवी, शेजारी निरुपद्रवी.

आपल्याकडे ‘बुवा’चे काय झाले ते आठवा. कीर्तनकार बुवांपुढे मान लवते, आणि ‘बुवाबाजी’ म्हटले की पोलीस आठवतात. ‘पोप’नेही भारतात असे एक अनपेक्षित वळण घेतले. स्वामी दयानंदांनी ‘सत्यार्थप्रकाशा’च्या अकराव्या समुल्लासात हा शब्द उचलला. मूळ अर्थ पिता, हे ते आधी सांगतात, आणि मग लोकांना फसवून स्वार्थ साधणाऱ्या पुरोहितवर्गाला तोच शब्द लावतात. त्यातूनच ‘पोपलीला’ हा शब्द हिंदीत रुळला. ज्या वर्षी, १८७५ मध्ये, मुंबईत आर्यसमाज स्थापन झाला आणि पुण्यात दयानंदांची व्याख्याने झाली, त्याच वर्षी ‘सत्यार्थप्रकाशा’ची पहिली आवृत्ती निघाली. रोमच्या पदवीने इथल्या पुरोहिताला झोडपण्याचा हा प्रकार लूथरच्या अनुयायांना परका वाटला नसता. मराठीत ‘पोप’ इंग्रजीच्या हाताने आला आणि ‘पाद्री’ पोर्तुगीजांच्या. गोव्यात मात्र कोंकणी ख्रिस्ती माणूस आजही ‘पाप सायब’ म्हणतो, आणि ती हाक मूळ शब्दाच्या आपल्यापेक्षा जवळची आहे.

शब्दाला सत्ता किती घाबरते, याचा सर्वांत उघड दाखला इंग्लंडचा. आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडल्यावर १५३५ मध्ये फर्मान निघाले की प्रार्थनेच्या पुस्तकांतून ‘पापा’ हा शब्द जिथे जिथे असेल तिथून काढून टाकावा. रोमच्या माणसाला आता फक्त ‘रोमचा बिशप’ म्हणायचे होते. गावोगावच्या पुरोहितांनी चाकू आणि शाई घेतली. त्या काळातली हस्तलिखिते आजही ग्रंथालयांत आहेत. कुठे चामडे खरवडलेले आहे, कुठे शब्दावर इतकी पुसट रेघ मारली आहे की तो आरामात वाचता येतो. त्या पुसट रेघा मारणाऱ्यांच्या मनात काय असेल, हे मला कोणत्याही व्युत्पत्तीपेक्षा अधिक जाणून घ्यावेसे वाटते.

हेन्रीचे फर्मान आणि ग्रेगरींचे अकरावे वाक्य यांत एक साम्य आहे. दोघेही गृहीत धरतात की शब्द ताब्यात आला की अधिकार ताब्यात येतो. तिसरी पोस्ट लिहिणारा, ‘पदवीतच अधिकार सिद्ध आहे’ म्हणणारा, नकळत याच पंगतीला बसतो. मग तो पोपचा भक्त असो वा विरोधक. पदवीचा एक अर्थ धरून तिला चोख सिद्धता समजणे दोन्ही बाजूंना सोयीचे असते.

अलेक्झांड्रियाची गादी मात्र कोणाच्या फर्मानाची वाट पाहत बसली नाही. तिथले कॉप्टिक चर्चप्रमुख ही पदवी आजही लावतात, आणि त्याच नगरीचे ग्रीक ऑर्थोडॉक्स कुलपतीही लावतात. १० मे २०१३ रोजी कॉप्टिक पोप दुसरे तावाद्रोस व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांना भेटले. १९७३ मध्ये तिसरे शनुदा आणि सहावे पॉल यांच्यात झालेल्या भेटीला चाळीस वर्षे होत होती. सातव्या ग्रेगरींच्या दफ्तरातले ते वाक्य व्हॅटिकनच्याच संग्रहात जपलेले आहे. त्या दिवशी त्याच आवारात दोन पापा एकमेकांना आलिंगन देत होते.